अक्षराच्या पोटातला परवाना

आजच्या विषयाचे नाव कार्यक्रमपत्रिकेत वाचून, हा तर संगणकवाल्यांचा विषय, कामगार चळवळीतल्या माणसाने यात कशाला पडावे, असे काही श्रोत्यांच्या मनात आले असेल. विषय संगणकाचा आहे हे खरे. परंतु त्याचे मूळ छापखान्यात आहे. आणि छापखाना म्हटला की मालक आला, कारागीर आला आणि त्या दोघांमधला करारही आला. आपण संगणकावर ज्या अक्षरांत अर्ज लिहितो, लग्नपत्रिका छापतो, त्या अक्षरांचा संच एका फाइलीत बांधलेला असतो. तिला फाँट म्हणतात. तिच्यात अक्षरांच्या आकृत्या असतात हे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु त्याच फाइलीत आकृत्यांच्या शेजारी, हे अक्षर कोणाचे, कोणी काढले, कोणी कशासाठी वापरावे, याचीही नोंद असते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ही नोंद तेथे कशी आली आणि तिला किती वजन आहे, हे आम्ही आज सांगणार आहोत.

प्रथम शिशाच्या खिळ्यांकडे जाऊ. पोलादी कांबीच्या टोकावर अक्षर उलटे कोरावयाचे, तो ठसा तांब्याच्या तुकड्यात ठोकावयाचा, म्हणजे मातृका तयार होते. मातृका साच्यात बसवून तीत शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा रस ओतावयाचा, की खिळा पडतो. यांतले खरे कसबाचे काम ठसा कोरण्याचे. एक ठसा बिघडला तर पोलाद फुकट आणि दिवसही फुकट. ज्याच्या पेटीत ठसे आणि मातृका, त्याचे ते अक्षर, इतका सरळ हिशेब होता. पॅरिसचा प्रसिद्ध अक्षरकार क्लोद गारामाँ १५६१ साली वारला, तेव्हा त्याचे ठसे व मातृका विकल्या गेल्या. त्यांपैकी पुष्कळ माल अँटवर्पच्या क्रिस्तोफ प्लांतँ या मुद्रकाकडे गेला आणि त्या घराचे पुढे जे संग्रहालय झाले, तेथे तो आजही जपून ठेवला आहे. त्या काळी अक्षराचा परवाना कागदावर लिहावा लागत नसे. पेटी उचलून नेली की परवानाही तिच्याबरोबर गेला.

सरकारला मात्र दुसरीच चिंता होती. इंग्लंडमध्ये १६३७ साली स्टार चेंबरने हुकूम काढला, की साऱ्या राज्यात खिळे ओतणारे चारच असावेत आणि प्रत्येकाने दोनांपेक्षा अधिक उमेदवार ठेवू नयेत. कारागिरांची संख्या आवळली की खिळे आवळले जातात, खिळे आवळले की छापखाने, आणि छापखाने आवळले की टीकाकारांची तोंडे. चार वर्षांनी, १६४१ साली, ते न्यायासनच बरखास्त झाले. परंतु अक्षरावर ताबा ठेवायचा तर अक्षर घडवणाऱ्या हातावर ताबा ठेवावा, ही युक्ती राज्यकर्त्यांना तेव्हाही उमगली होती, हे आमच्यासारख्यांनी लक्षात ठेवावे.

याच्या नंतरची फ्रान्समधली गोष्ट आमच्या विषयाच्या अगदी गाभ्याची आहे. चौदाव्या लुईच्या कारकीर्दीत १६९२ साली राजाच्या छापखान्यासाठी खास अक्षर घडवण्याचे ठरले. विज्ञान अकादमीच्या विद्वानांनी चौकटी आखून अक्षरांचे आराखडे काढले, फिलिप ग्रांजाँ या कारागिराने ठसे कोरले आणि १७०२ साली राजाच्या पदकांवरील भव्य ग्रंथात ते अक्षर प्रथम अवतरले. हे अक्षर राजाचे. दुसऱ्या कोणी त्याची नक्कल करता कामा नये. पण नक्कल झाली तर ती ओळखायची कशी? तेव्हा रोमन लिपीतला जो 'ल' आहे, नुसती उभी काठी, तिच्या डाव्या अंगाला मध्यावर एक बारीकसा काटा ठेवण्यात आला. वाचणाऱ्याला तो खुपत नाही, पण छापील पान हातात घेतले की हे राजाच्या छापखान्याचे काम, हे जाणकार एका नजरेत सांगू शकतो. आमच्या वाचनात आलेले हे मालकीच्या नोंदीचे पहिले ठळक उदाहरण, की जेथे ती नोंद अक्षरालाच चिकटवलेली आहे. ग्रांजाँच्या नावाचा काटा मात्र कोणत्याच अक्षराला नव्हता.

एकोणिसाव्या शतकात खिळे यंत्राने पडू लागले आणि नोंदीला दुसरी जागा मिळाली. साच्यातून खिळा सुटावा म्हणून एक लहान खुंटी असे. तिच्या टोकाची गोल खळी खिळ्याच्या अंगावर, म्हणजे बाजूला, उमटे. अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या फौंड्र्यांनी या खुंटीच्या टोकावर आपले नाव किंवा अक्षराचे माप कोरले. म्हणजे प्रत्येक खिळ्याच्या कुशीत फौंड्रीची मुद्रा! छपाईत ती कधी दिसत नाही, कारण शाई लागते ती खिळ्याच्या डोक्याला. ती दिसते फक्त जुळाऱ्याला, खिळा बोटांत धरल्यावर. वाचकापासून लपलेली आणि कामगाराला दिसणारी ही नोंद पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

या मुद्रेची गरज का पडली, त्याला कारण विद्युत-मुलामा. १८४० नंतरच्या दशकात ही विद्या फौंड्र्यांत पोहोचली. दुसऱ्याचा विकत आणलेला खिळा तांब्याच्या क्षाराच्या द्रावणात टांगायचा, वीज सोडायची, की त्याच्या डोक्यावर तांब्याचा थर चढतो. तो थर सोडवला की मातृका तयार. ठसा कोरणाऱ्याचे महिनोन्‌महिन्यांचे श्रम काही दिवसांत दुसऱ्याच्या खिशात गेले! नक्कल करणाऱ्याच्या हाती डोके आले, कुशीतली मुद्रा मात्र आली नाही, एवढाच काय तो पुरावा. न्यूयॉर्कच्या जॉर्ज ब्रूस या फौंड्रीवाल्याने सरकारकडे धाव घेतली. अमेरिकेने १८४२ साली वस्तूच्या रूपासाठी पेटंट देण्याचा कायदा केला, आणि त्या कायद्याखालचे पहिलेच पेटंट, क्रमांक एक, त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये ब्रूसला मिळाले, ते छपाईच्या खिळ्यांसाठी. खुर्ची नाही, चूल नाही, दिवा नाही. पहिला मान अक्षराचा.

आपल्याकडे याच शतकात काय चालले होते? मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम यांनी देवनागरीचे ठसे सुबक केले. त्याच छापखान्यात लहानपणी मजुरीवर लागलेल्या जावजी दादाजी यांनी १८६४ साली स्वतःची टाइप फौंड्री काढली आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. संस्कृत ग्रंथांची शुद्ध व देखणी छपाई म्हटली की निर्णयसागर, हे समीकरण देशभर झाले. जावजींचे नाव मराठी माणूस जाणतो, आणि ते योग्यच आहे. मजुरीतून वर आलेला तो पुरुष होता. परंतु त्या अक्षरांमागे राणोजी रावजी आरू यांचा हात होता, हे किती जणांना ठाऊक आहे? आपल्या आजोबा-पणजोबांनी पोथ्या वाचल्या त्या आरूंच्या अक्षरात. पोथीच्या पहिल्या पानावर छापखान्याचे नाव असे, मालकाचे असे. ठसे कोरणाऱ्याचे नाव असण्याचा रिवाज नव्हता.

छापखान्याचे नाव असण्याचे कारणही काही सौजन्याचे नव्हते. १८६७ च्या छापखाने व पुस्तके नोंदणी कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकावर व वृत्तपत्रावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण घालणे सक्तीचे केले होते. राजद्रोही मजकूर निघाला तर कोणाचे दार ठोठवायचे, ते सरकारला ठाऊक हवे होते. स्वराज्यानंतरही तो कायदा चालू राहिला. २०२३ च्या नव्या कायद्याने तो गेला, आणि नव्या कायद्याच्या कक्षेत पुस्तके ठेवलेली नाहीत. या उलट्या टोकाचे उदाहरण अमेरिकेतील कामगारांनी घालून दिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तेथील मुद्रण कामगारांच्या संघटनांनी एक चिमुकले चिन्ह चालू केले. संघटित कामगारांनी, ठरलेल्या दराने काम केले असेल, तर छापलेल्या पत्रकाच्या कोपऱ्यात ते छापायचे, आणि त्यात गावाचे नाव व त्या छापखान्याचा क्रमांक. आजही तेथील निवडणुकीच्या पत्रकांवर ते दिसते. राजाचा काटा, फौंड्रीची मुद्रा, सरकारचा शिक्का आणि हे कामगारांचे चिन्ह या चारही नोंदी एकाच जातीच्या आहेत. त्यांतली कोण कोणासाठी लिहितो, एवढाच फरक.

विसाव्या शतकाच्या मध्यावर खिळा गेला आणि फोटोची फिल्म आली. फिल्मवरचे अक्षर कॅमेऱ्याने उचलणे विद्युत-मुलाम्याहूनही सोपे. फौंड्रीवाले व अक्षरकार यांनी १९५७ साली आंतरराष्ट्रीय संघ काढला आणि त्यांच्या खटपटीतून १९७३ साली व्हिएन्ना येथे अक्षरवळणांच्या संरक्षणाचा करार झाला. करार अमलात यायला पाच देशांची मान्यता हवी होती. तेवढीही जमली नाही आणि तो आजवर अमलात आलेला नाही! अमेरिकेत लायनोटाइपची मालक असलेल्या एल्ट्रा कंपनीने हर्मान झाफ यांनी काढलेल्या 'ओरायन' या अक्षरवळणाची कॉपीराइट नोंद मागितली. कॉपीराइट कचेरीने नकार दिला आणि १९७८ साली अपिलाच्या न्यायालयानेही तो कायम केला. अक्षर ही उपयोगाची वस्तू आहे, तिचे रूप उपयोगापासून वेगळे काढता येत नाही, असा त्याचा मथितार्थ. इंग्लंड-जर्मनीत निराळे कायदे झाले. आपल्याकडे २००२ साली कॉपीराइट मंडळाने अक्षरवळणाची नोंद नाकारली, ती साधारण याच वाटेने.

आम्हांला विचाराल तर न्यायालयाचे म्हणणे अर्धे पटते. 'क' हा कोणाच्या बापाचा नाही. पण एखाद्या माणसाने 'क'ची पाठ कशी वळवावी, गाठ कोठे सोडवावी यावर दोन वर्षे खर्च केली असतील, तर त्या दोन वर्षांच्या मजुरीचे काय, या प्रश्नाला त्या निकालात उत्तर नाही.

आता संगणक. १९८४ साली अडोबी कंपनीने पोस्टस्क्रिप्ट ही भाषा आणली. तीत अक्षर म्हणजे रेषा कशी न्यावी, कोठे वळवावी याच्या आज्ञा. पुढच्याच वर्षी लेझर छपाईयंत्र आले आणि टेबलावरचा छापखाना सुरू झाला. अडोबीने आपल्या उत्तम फाँटांची रचना गुप्त ठेवली होती, आज्ञा सांकेतिक रूपात कोंडल्या होत्या. १९८९ साली अॅपल व मायक्रोसॉफ्ट यांनी एकत्र येऊन ट्रूटाइप नावाची दुसरी रचना जाहीर केली, तेव्हा कोठे १९९० साली अडोबीने आपली किल्ली प्रसिद्ध केली. अक्षराचे रूप अमेरिकेत असे मोकळे होते, पण आज्ञांची यादी म्हणजे संगणकाचा कार्यक्रम, आणि कार्यक्रमाला कॉपीराइट आहे. १९९२ साली तेथील कॉपीराइट कचेरीने हे मान्य केले. १९९८ साली न्यायालयानेही. म्हणजे आकृती सर्वांची, फाइल मालकाची! मालकी फाइलीत आली म्हटल्यावर मालकाने आपली पाटी फाइलीतच लावली, यात आश्चर्य काय?

ही पाटी कशी असते ते पाहू. ट्रूटाइप फाइल म्हणजे लहान लहान तक्त्यांचे कपाट. एका तक्त्यात आकृत्या, एकात रुंदी, एकात कोणत्या अक्षराला कोणता अंक ते. त्यांपैकी 'नेम' नावाच्या तक्त्यात क्रमांक घातलेले रकाने आहेत. शून्य क्रमांकाला कॉपीराइटचा मजकूर, सातव्याला व्यापारचिन्ह, आठव्याला उत्पादक, नवव्याला अक्षर काढणाऱ्याचे नाव, तेराव्याला परवान्याचा मजकूर, चौदाव्याला तो परवाना जेथे सबंध वाचता येईल तो पत्ता. दुसरा एक तक्ता 'ओ-एस-टू' नावाचा. ज्या संगणकप्रणालीच्या नावावरून त्याला हे नाव पडले, तिची आता आठवण काढणारेही थोडे. तक्त्याचे नाव मात्र राहून गेले, जसे पुलावर गेलेल्या पाटलाचे नाव राहते. त्यात चार अक्षरांची एक जागा आहे, तेथे फौंड्रीची ओळख. खिळ्याच्या कुशीतली मुद्रा ती हीच.

त्याच तक्त्यात 'एफ-एस-टाइप' नावाचा एक अंक आहे, आणि पुढची सारी भांडणे या एका अंकावरून झाली. कारण असे. आम्ही पत्रक तयार करून दुसऱ्या गावी पाठवले, तर तेथे तो फाँट असेलच असे नाही. म्हणून पत्रकाच्या फाइलीतच फाँट बसवून पाठवण्याची सोय निघाली. १९९३ साली आलेल्या पीडीएफचा सारा दिमाख तोच. पण फाँट पत्रकाबरोबर गावभर फिरू लागला, तर विकत कोण घेणार? म्हणून हा अंक. शून्य असेल तर फाँट बसवा, पलीकडच्याने कायमचा घेतला तरी चालेल. चार असेल तर पाहण्या-छापण्यापुरता बसवा. आठ असेल तर मजकूर दुरुस्त करण्यापुरताही. दोन असेल तर मालकाच्या स्वतंत्र परवानगीखेरीज बसवूच नका. शिवाय त्यात २५६ मिळवले, तर पूर्ण फाँटच बसवावा, त्यातली चार अक्षरे वेगळी काढून बसवू नयेत, असा अर्थ. वकिलाचा दहा पानी करार, आणि त्याचा सारांश एका आकड्यात! यंत्राला करार वाचता येत नाही, आकडा वाचता येतो.

येथे आम्हांला आमच्या संघटनेकडे आलेले एक प्रकरण सांगणे भाग आहे. एका जिल्ह्याच्या गावी, एका छापखान्यात, डीटीपीचे काम करणारा एक मुलगा होता. एका संस्थेची स्मरणिका त्याने लावली, प्रूफे तपासली गेली, आणि मालकाने पीडीएफ बाहेरगावच्या मोठ्या यंत्रावर पाठवली. छापून आली तेव्हा सोळा पानांत मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा. जुन्या पद्धतीचे मराठी फाँट ज्यांनी हाताळले आहेत त्यांना हे चटकन कळेल. त्या फाँटांत 'क'च्या जागी खाली एखादे रोमन अक्षरच असे. फाँट सापडला नाही की वरचे देवनागरी पांघरूण उडते आणि खालचे उघडे पडते. मालकाने कागदाचा खर्च मुलाच्या पगारातून चार हप्त्यांत कापायचे ठरवले. त्या वेळी लागू असलेल्या १९३६ च्या वेतन अदायगी कायद्याप्रमाणे नुकसानीपोटी पगार कापायचा तर ते नुकसान थेट कामगाराच्या हयगयीने झालेले असले पाहिजे, आणि त्याला आधी बाजू मांडू दिली पाहिजे. आम्ही ती मागणी केली. मग बसलो फाइल उघडून. संघटनेतल्याच एका तरुणाने फुकट मिळणाऱ्या साधनाने तक्ता उघडून दाखवला. अंक होता दोन. म्हणजे पीडीएफ करताना यंत्राने तो फाँट आत घेतलाच नव्हता.

आता गंमत पाहा. मालकाजवळ त्या फाँटांच्या खरेदीचा रीतसर कागद होता. ते पॅकेज त्या काळच्या रिवाजाप्रमाणे डाँगल नावाच्या कुलपासकट आलेले. कागदावर लिहिले होते की छपाईच्या कामासाठी वापर करण्यास पूर्ण मुभा आहे. कागद 'हो' म्हणत होता, आकडा 'नाही' म्हणत होता. फाँट बनवणाऱ्याने आकडा जाणून घातला की साधनात आधीचा पडून राहिला, कोणास ठाऊक. पण यंत्राने आकड्याचे ऐकले आणि पगार कापला जात होता त्या मुलाचा, ज्याने ना कागद पाहिला होता ना आकडा. दोन हप्ते गेलेले होते ते परत मिळाले नाहीत, उरलेले थांबले. या प्रकरणानंतर आम्ही या विषयाचे मिळेल ते वाचू लागलो.

वाचताना असे दिसले की अमेरिकेत हा आकडा न्यायालयातही गेला होता. तेथे एका विद्यार्थ्याने १९९७ साली एक छोटासा कार्यक्रम लिहिला. त्याने स्वतः काढून फुकट वाटलेल्या फाँटांत निर्बंधाचा आकडा पडला होता, तो शून्य करण्यासाठी. काही वर्षांनी फाँट कंपन्यांच्या वकिलांची पत्रे त्याला आली, की हा कार्यक्रम म्हणजे कुलूप तोडण्याचे हत्यार आहे आणि १९९८ च्या अमेरिकन कायद्याने असे हत्यार वाटणे गुन्हा आहे. तो बधला नाही. पुढे त्याच मुद्द्यावर मोठ्यांची झुंज झाली. आग्फा मोनोटाइप आणि आय-टी-सी या कंपन्यांनी अडोबीवर दावा लावला, की अॅक्रोबॅटच्या पाचव्या आवृत्तीत दुरुस्तीला मनाई असलेले फाँट वापरून मजकूर भरता येतो, म्हणजे अडोबीने आमचे कुलूप मोडले. २००५ साली इलिनॉयच्या न्यायालयाने निकाल दिला तो अडोबीच्या बाजूने. हा आकडा स्वतः काहीच करत नाही, असे न्यायालयाने पाहिले. तो काही कोंडत नाही, किल्ली मागत नाही. फाँट जसाच्या तसा उघडा असतो. तेव्हा ते कुलूप नव्हे.

मग ते काय? आमच्या मते ती दारावरची पाटी आहे. 'आत येण्यास मनाई' असे लिहिलेली पाटी दार अडवत नाही, पण आत शिरणाऱ्याला 'मला ठाऊक नव्हते' असेही म्हणू देत नाही. पाटीलाही कायद्यात जागा आहे. १९९६ च्या आंतरराष्ट्रीय कॉपीराइट तहात हक्कांच्या नोंदीचे वेगळे कलम आहे, आणि आपल्या देशात २०१२ च्या दुरुस्तीने १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ६५-ख हे कलम आले. कृतीला चिकटवलेली हक्काची माहिती, म्हणजे कर्त्याचे नाव, मालकाचे नाव, वापराच्या अटी, त्यांचे आकडे वा संकेत, हे जाणूनबुजून व अधिकार नसता पुसले तर दोन वर्षांपर्यंत कैद व दंड. याच व्याख्येच्या शेवटी एक वाक्य आहे, ते आम्ही दोनदा वाचले. वापरणारा कोण हे ओळखण्याची युक्ती या माहितीत धरलेली नाही. म्हणजे पाटीवर मालकाने आपले नाव लिहावे, त्याला संरक्षण आहे. पाटीआडून पाहुण्यावर नजर ठेवावी, त्याला या कलमाचे संरक्षण नाही. ज्याने हे वाक्य घालवले त्याला आमचा नमस्कार.

इंटरनेटच्या पानांवर फाँट पाठवण्याची वेळ आली तेव्हा हाच वाद पुन्हा उभा राहिला. मायक्रोसॉफ्टची एक रचना होती, तीत फाँट ठरावीक पत्त्यालाच बांधून टाकता येई; ती इतरांनी पत्करली नाही. अखेर २०१२ साली वॉफ नावाची रचना प्रमाण ठरली. तीत परवान्यासाठी स्वतंत्र कप्पा आहे, कर्त्यांची नामावळी आहे, इतकेच काय, परवाना कोणाला दिला त्याचे नाव लिहायलाही जागा आहे. पण त्या कप्प्यात काही असो वा नसो, त्यामुळे अक्षर दिसण्यात फरक पडता कामा नये, असे ठरले. आमच्या त्या मुलाला हा नियम वेळेवर मिळायला हवा होता.

या पाटीचा अगदी निराळा उपयोगही झाला आहे. एस-आय-एल या संस्थेतर्फे २००५ साली, आणि सुधारून २००७ साली, मोकळ्या फाँटांसाठी एक परवाना प्रसिद्ध झाला. फाँट वापरा, वाटा, बदला, पत्रकात बसवा, मोठ्या संचाबरोबर विकाही. नुसता सुटा फाँट तेवढा विकू नका, आणि बदललात तर मूळ कर्त्याने राखून ठेवलेले नाव लावू नका. एक अट सक्तीची: प्रत्येक प्रतीबरोबर कॉपीराइटची ओळ आणि हा परवाना गेला पाहिजे, वेगळ्या कागदाने किंवा फाइलीतल्या रकान्यांतून. म्हणजे तेराव्या-चौदाव्या रकान्यात जेथे मनाईच लिहिली जाई, तेथे आता मोकळीक लिहिली जाते. या परवान्याखाली देवनागरीची चांगली अक्षरे निघाली. मुंबईच्या एक टाइप या मंडळींचे 'मुक्त' आणि 'बाळू' त्यांतलेच. कोणाही संघटनेने, शाळेने, ग्रंथालयाने ते उघडपणे वापरावेत. आमच्या संघटनेची पत्रके आता अशाच अक्षरात निघतात.

राहिला तो नववा रकाना, अक्षर काढणाऱ्याच्या नावाचा. आम्ही सवडीने निरनिराळे फाँट उघडून तो पाहतो. काहींत तो रिकामा असतो. काहींत कंपनीचेच नाव दुसऱ्यांदा लिहिलेले असते. काहींत एक नाव असते. आणि अलीकडच्या काही देवनागरी फाँटांत एकाच ओळीत स्वल्पविराम देऊन तीन-तीन, चार-चार नावे भरलेली सापडतात, कारण रकाना करणाऱ्यांनी अक्षर एकटाच माणूस काढतो असे धरले होते. जोडाक्षरांचे नियम लिहिणारा, लहान मापात अक्षर तुटू नये म्हणून बिंदू बिंदू सावरणारा, यांना वेगळा रकाना नाही. वॉफच्या नामावळीत नावापुढे काम लिहायची सोय आहे, तिचा उपयोग थोडेच करतात. फाँट बनवणाऱ्या तरुण मंडळींपैकी कोणी आज येथे असतील, तर व्याख्यान संपल्यावर त्यांनी आम्हांला भेटावे. या रकान्यांत मजुरीवर काम करणाऱ्यांची नावे कशी घालता येतील, याचा एक कच्चा मसुदा आम्ही बरोबर आणला आहे.